बडग्या कुणाच्या टेबलावर?

जेनकिन्स नावाच्या प्रणालीच्या पडद्यावर प्रत्येक कामापुढे हवामानाचं एक इवलंसं चित्र असतं. शेवटचे पाच बिल्ड सुरळीत पार पडले असतील तर लख्ख सूर्य. एखादा कोसळला की ढगाआड सूर्य, मग नुसतेच ढग, मग पाऊस, आणि पाचही कोसळले की विजांचा कडकडाट. ही योजना ज्याने केली त्याने मे महिना नागपुरात काढलेला नाही, एवढं नक्की. बाहेर पारा ४६ ला टेकलेला, कूलरची टाकी दुपारीच कोरडी, नवतपा लागलेला, रस्त्यावर दुपट्टे गुंडाळलेली डोकी, आणि पडद्यावरचा सूर्य सांगतोय की सगळं छान चाललंय. इकडे आकाशात नुसती वीज चमकली तरी माणसं गच्चीवर जाऊन उभी राहतात. आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात पडद्यावर ढग आणि विजा पाहून "सर, आपला प्रोजेक्ट मस्त चाललाय" असं जाहीर केलं, तेव्हा त्याचं काही चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

ही प्रणाली लिहिली कोहसुके कावागुची या जपानी प्रोग्रामरने. २००४ च्या सुमारास तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होता. त्याच्या कोडमुळे टीमचा बिल्ड मोडायचा आणि सगळ्यांची बोलणी खावी लागायची. आपला कोड सगळ्यांच्या गळ्यात पडण्याआधीच त्याचा निकाल सांगेल असं काहीतरी हाताशी असावं, या गरजेतून त्याने हे लिहायला घेतलं. तेव्हा नाव हडसन होतं. पुढे सन कंपनी ओरॅकलने घेतली, नावाच्या मालकीवरून वाजलं, आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी उठून जेनकिन्स या नव्या पाटीखाली जाऊन बसली. यशस्वी बिल्डपुढे तिथे कित्येक वर्षं निळा गोळा असायचा, कारण जपानी सिग्नलवरचा 'जा' सांगणारा दिवा निळा मानतात आणि कावागुचीला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाकीच्या जगाला मात्र ते खुपलं. गोळे हिरवे करून देणारं एक वेगळं प्लगिन निघालं, लोकांनी ते भराभर बसवून घेतलं, आणि बऱ्याच वर्षांनी मूळ गोळाच हिरवा झाला. स्वतःला बसणारी बोलणी चुकवायला एका माणसाने केलेल्या या यंत्राने पुढे जगभरात किती जणांना बोलणी खायला लावली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच सॉफ्टवेअरवर वीस-पंचवीस माणसं काम करतात. प्रत्येक जण आपला तुकडा लिहून सामायिक साठ्यात टाकतो, त्याला कमिट म्हणायचं. पूर्वी हे तुकडे महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र जोडत, आणि जोडताना कुठे काय बिनसलं ते शोधण्यात आणखी महिना जाई. मग 'रोज जोडा, दिवसातून अनेकदा जोडा' असं सांगणारी माणसं आली. मार्टिन फाउलरचा त्यावरचा गाजलेला लेख २००० सालचा, आणि क्रूझकंट्रोल हे त्यासाठीचं सुरुवातीचं साधन २००१ चं. आता कुणी काही टाकलं की यंत्र आपणहून सगळा कोड उचलतं, बांधतं, शेकडो चाचण्या चालवतं आणि निकाल सांगतं. या एका फेरीला बिल्ड म्हणतात आणि प्रत्येक बिल्डला क्रमांक असतो. परसोडीच्या आयटी पार्कात काय किंवा मिहानमधल्या काचेच्या इमारतींत काय, दिवसभर हेच चालू असतं. रात्रीही चालतं. रात्रीची गोष्ट पुढे येईलच.

प्रत्येक बिल्डच्या पानावर 'चेंजेस' असा एक दुवा असतो. मागच्या बिल्डपासून या बिल्डपर्यंत कुणी काय बदललं त्याची ती यादी. माणसाचं नाव, वेळ, कोणत्या फाइली, त्यातल्या कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, त्या बदलाला गिटने दिलेली चाळीस अक्षरी खूण, आणि बदल करणाऱ्याने स्वतः लिहिलेली एक ओळ, की हे कशासाठी केलं. गिट म्हणजे हा साठा सांभाळणारं साधन. लिनस टोरवाल्ड्सने ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं. एक स्वल्पविराम हलला तरी त्याची ती चाळीस अक्षरी खूण पार बदलते. यंत्राच्या ताब्यात जे दिलं ते सगळं असं चोख. माणसाच्या ताब्यात फक्त ती एक ओळ ठेवलेली आहे.

आणि ती एक ओळ माणसं कशी लिहितात! 'फिक्स.' त्याच्यावर 'फिक्स २.' त्याच्यावर 'फायनल', मग 'फायनल फायनल', मग 'आता चालायला पाहिजे'. 'काल सांगितलेलं' अशीही एक ओळ आमच्या साठ्यात आहे. काल कुणी, कुणाला, काय सांगितलं, हे आता कुणालाच आठवत नाही, कारण तो 'काल' होऊन दोन वर्षं झाली. 'सरांनी सांगितलं म्हणून' हे निदान प्रामाणिक म्हणावं. एका पठ्ठ्याने दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बरीच मोठी उलथापालथ करून त्यापुढे नुसतं 'शुभ दीपावली' लिहिलं होतं आणि तो बस पकडायला गेला होता. शुभेच्छा पोहोचल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकाजी राहतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. हिंगणा, कळमेश्वर, काटोल या भागांत पटवारी म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. तेव्हा कागदावर तलाठी, पण आमच्या विदर्भात पटवारीच. एका रविवारी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ते वर आले आणि चहा येईपर्यंत पडद्याकडे पाहत राहिले.

"काय पाहून राहिला बाबू एवढं?"

"मागच्या वेळेपासून या वेळेपर्यंत कुणी काय बदललं त्याची यादी आहे, काकाजी."

"म्हणजे फेरफार पंजी."

मला वाटलं ते विनोद करताहेत. मग चहा निवेपर्यंत त्यांनी मला माझंच काम समजावून सांगितलं. सातबारा म्हणजे आजची स्थिती: जमीन कुणाच्या नावे, किती, तिच्यावर कुणाचा बोजा. ती स्थिती कशी आली ते गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत. खरेदी झाली, वारस लागले, भावाभावांत वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की फेरफार. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर त्या नावाशेजारी गोल करून लिहिलेला. जुनं नाव पुसायचं नाही, त्याला कंस करायचा, म्हणजे काय होतं तेही दिसतं आणि आता नाही तेही दिसतं. पटवाऱ्याने नोंद धरायची, चावडीवर तिची प्रत लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, आणि मग आरआयने, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने, ती प्रमाणित करायची. त्याशिवाय सातबारा बदलत नाही. मी नंतर उघडून पाहिलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५०. आम्ही कोड रिव्ह्यू, अप्रूव्हल, मर्ज असं जे मिरवतो ते सगळं त्या एका कलमात आहे, आणि आमच्यापेक्षा जास्त कडक आहे. पुढचं १५७ वं कलम तर आमच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. खोटी ठरेपर्यंत किंवा कायदेशीररीत्या बदलेपर्यंत नोंद खरी मानायची. हिरव्या गोळ्याला आम्ही देतो तो मान हाच.

"पण एक सांगू काय?" काकाजी म्हणाले. "लोकं फेरफार पाह्यले येते कधी? भांडण झालं की. नाहीतर वीस-वीस वर्षं कोणी ढुंकून पाहत नाही. अन् आला की विचारते काय? 'काय झालं' असं नाही विचारत. 'हे कोणी केलं' असं विचारते."

"मग तुम्ही काय सांगायचे?"

"मी म्हणो, बस. पाणी पी. आधी सांग, हे असं नव्हतं असं तुले शेवटचं कधी दिसलं होतं?"

जेनकिन्स करणाऱ्यांनी मात्र गावकऱ्यांचाच प्रश्न उचलला आहे. बदलांच्या यादीखेरीज तिथे संशयितांची एक वेगळी यादी आतल्या आत चालू असते, आणि मूळ कोडात तिचं नाव सरळ 'कल्प्रिट्स' असं आहे. नियम असा की शेवटचा धड बिल्ड झाल्यापासून ज्याने ज्याने काही टाकलं तो यादीत. सोमवारी बिल्ड पडला तेव्हा तिघे होते. मंगळवारी तो पडलेलाच आहे आणि आणखी चौघांनी आपापलं काम टाकलं, तर सात. बुधवारी बारा. पडलेल्या बिल्डला उभं करायला ज्याने हात लावला, तोही त्यात आलाच. बिल्ड एकदा हिरवा झाला की यादी कोरी होते. यात अन्याय म्हणावा तर नाही, कारण यंत्र एवढंच सांगतं की यातला कुणीतरी असू शकेल. आपण मात्र वाचताना 'असू शकेल' गाळून वाचतो. सबव्हर्जन या जुन्या साधनात अमुक ओळ कुणी लिहिली ते सांगणारी 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे, आणि करणाऱ्यांनी खोडकरपणे तिलाच 'प्रेझ' असंही नाव देऊन ठेवलं आहे. काहीही टाइप करा, उत्तर तेच येतं. 'प्रेझ' टाइप करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या टीमने या यादीला नागपुरी जोड दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबती निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा. एक काळी, एक पिवळी. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून त्यांची मिरवणूक निघते, आणि बरोबर असतात बडगे: महागाई, खड्डे, लाचखोरी, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे, गळ्यात पाट्या अडकवलेले. रोगराई आणि ईडापीडा घेऊन जा असा गजर करत सगळं शहर फिरायचं आणि शेवटी पुतळे जाळायचे. वर्षाचा राग एका दुपारी मोकळा. ही मिरवणूक पाहून आलेल्या कुणीतरी एका वर्षी पुठ्ठ्याचा वीतभर बडग्या करून ऑफिसात आणला. झुबकेदार मिश्या, कापसाची पोटली, आणि गळ्यात पाटी: 'बिल्ड मीच पाडला'. ज्याच्यामुळे बिल्ड पडेल त्याच्या टेबलावर हा बडग्या बसणार, दुसरा कुणी पाडेपर्यंत.

कल्पना सगळ्यांना आवडली, आणि लगेच अडचण उभी राहिली. यादीत नावं नऊ आणि बडग्या एक. नऊ टेबलं तपासून पाहायला वेळ कुणाला आहे? तेव्हा सर्वानुमते ठरलं की यादीत ज्याचं नाव सगळ्यात वर, तोच. सगळ्यात वर कोण असतं? ज्याने सगळ्यात शेवटी काही टाकलं तो. म्हणजे संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून काम करणारा. ज्याने मदतीच्या पानावरचं एक स्पेलिंग सुधारलं होतं त्याच्याकडे बडग्या दोन दिवस राहिला. तो म्हणत होता की इंग्रजी शब्दातलं 'आय' आणि 'ई' मागेपुढे केल्याने बिलिंगचा हिशेब चुकूच शकत नाही. पटत सगळ्यांना होतं, पण नियम तो नियम.

आता ती रात्रीची गोष्ट. आमचा एक बिल्ड दिवसा कुणी काही टाकलं की चालायचा, आणि शिवाय रोज रात्री दोन वाजता एक वेगळा, त्याची यादीही वेगळी, कुणी काही टाकलेलं असो वा नसो. थंडी पडायला लागली त्या सुमारास हा रात्रीचा बिल्ड पडायला लागला. सकाळी येऊन पाहावं तर गोळा लाल, संशयितांत कालच्या दिवसभरात काम टाकलेले सगळे, बडग्या त्यातल्या एकाच्या टेबलावर. तो बिचारा आपला बदल उलटसुलट तपासायचा, काही सापडायचं नाही, म्हणून बिल्ड पुन्हा चालवायचा, आणि तो हिरवा! सगळे म्हणायचे, झालं, काहीतरी तात्पुरतं होतं. रात्री पुन्हा लाल. पण आता यादीत नवी माणसं, कारण सकाळच्या हिरव्या बिल्डने कालची यादी पुसून टाकलेली. बडग्या रोज नव्या टेबलावर. थोड्याच दिवसांत तो सगळीकडे राहून आला.

तर्क पुष्कळ निघाले. रात्री सर्व्हरवर ताण येतो. रात्री नेट हळू असतं. रात्री अमेरिकेतले लोक काहीतरी करतात. अमेरिकेतले लोक रात्री काहीतरी करतात हे आपल्याकडे नेहमीच पटतं. एका गृहस्थांनी सर्व्हरच्या दाराला लिंबू-मिरची बांधायचं सुचवलं, पण सर्व्हर भाड्याचा आणि मुंबईत, तेव्हा दार नक्की कुणाचं, इथे ते अडलं.

शेवटी बडग्या यवतमाळहून आलेल्या एका मुलीच्या टेबलावर आला. नोकरीत नवी होती, त्यामुळे 'कोणी केलं' हा प्रश्न विचारण्याइतकी ती कुणाला ओळखत नव्हती. तिने लाल बिल्ड एका रकान्यात लिहिले, हिरवे दुसऱ्यात, आणि प्रत्येकासमोर वेळ. नावं लिहिलीच नाहीत. एका रात्री तो बिल्ड थोड्याथोड्या वेळाने चालवून त्या वेळाही लिहिल्या. मग तो कागद घेऊन ती आली आणि म्हणाली, "सर, हे सगळे लाल रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधले आहेत." साडेपाच म्हटल्याबरोबर खोलीतल्या चार जणांनी कपाळावर हात मारला. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर. नागपुरात मध्यरात्र उलटून तारीख बदलली तरी सर्व्हरच्या लेखी पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख असते. कोडमध्ये कुठेतरी कुणीतरी 'आज' एका ठिकाणी आपल्या घड्याळावरून घेतला होता आणि दुसऱ्या ठिकाणी सर्व्हरच्या. दिवसा दोन्ही 'आज' एकच असायचे. रात्री दोनला त्यांच्यात एका दिवसाचं अंतर पडायचं, आणि देयकाची मुदत चुकायची.

आता हे शिरलं कधी, एवढंच राहिलं. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून एक सोय आहे. सगळं धड होतं असा एक जुना बदल दाखवायचा, बिघडलेला एक अलीकडचा दाखवायचा. ते मधला उचलून तपासायला देतं. तो धड निघाला तर अलीकडचा अर्धा भाग पाहायचा, बिघडलेला निघाला तर पलीकडचा. दर फेरीला निम्मे बदल बाद होतात. हजार बदल असले तरी साधारण दहा फेऱ्यांत नेमका एक हाती येतो. त्याची अट एकच, आणि ती काकाजींनी पाणी पाजून विचारलेलीच आहे: हे असं नव्हतं असं शेवटचं कधी दिसलं होतं, ते सांगा. मुलीने आपल्या यंत्राचं घड्याळ खोटंच रात्रीच्या दोनला लावलं, बायसेक्ट आपोआप चालेल असं करून दिलं, आणि ती खाली तर्री-पोहे खायला गेली. परत आली तेव्हा पडद्यावर एकच बदल उरला होता आणि त्याच्यापुढे लिहिलेलं होतं: 'शुभ दीपावली'.

मग आम्ही जुनी पानं उघडून पाहिली. दिवाळीच्या त्या पहिल्या रात्रीच्या बिल्डपुढे संशयितांच्या यादीत एकच नाव होतं, आणि ते बरोबर होतं. बाकी सगळे सुट्टीवर, काम टाकलंय एकानेच, एवढी निर्मळ यादी वर्षातून एकदा मिळते. पण ती उघडायलाही सगळे सुट्टीवर. सुट्टीनंतर जो पहिला आला त्याने रात्रीचा बिल्ड पुन्हा चालवला, भरदिवसा तो हिरवा झाला, आणि ते नाव यादीतून कायमचं निघून गेलं. तो मुलगा तोवर पुण्याला गेला होता. नागपूरची मुलं आज ना उद्या पुण्याला जातातच. फोनवर सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "अरे, पण मी टाकलं तेव्हा तर हिरवा होता ना?" होता. संध्याकाळी सातला टाकलं होतं त्याने.

काकाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना घड्याळाच्या भानगडीत रस वाटला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "प्रमाणित कोणी केलं होतं?"

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी प्रमाणित करायला बसतं कोण? यंत्राने हिरवा दाखवला आणि ते आत गेलं.

"म्हणजे नोटीस नाही, चावडीवर प्रत नाही, आरआयची सही नाही," काकाजी म्हणाले. "अन् आमच्या दफ्तराले लोकं नावं ठेवते."

त्यांच्या बाजूने बोलणारा पुरावा अमेरिकेत आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या बड्या कंपनीने नवा कोड चालू केला. आठ सर्व्हरपैकी सातांवर तो पोहोचला, आठव्यावर जुनाच राहिला. त्या आठव्यावरच्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या एका जुन्या भागाला जाग आली आणि तो आपल्या बुद्धीने शेअर घेत-विकत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. आठव्या सर्व्हरवर नवा कोड गेलाय की नाही हे दुसऱ्या माणसाने पाहायचं, असा नियमच तिथे नव्हता. कुठला बदल कुठल्या बिल्डमध्ये गेला हे माहीत असून भागत नाही, तो बिल्ड कुठल्या यंत्रावर जाऊन बसलाय हेही कुणीतरी सही करून सांगावं लागतं.

तरीही मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते पान म्हणजे जिथे 'नो चेंजेस' लिहिलेलं असतं आणि गोळा लाल असतो. कुणी काही केलेलं नाही आणि मोडलंय. अशा सकाळी ऑफिसात एक विलक्षण बंधुभाव पसरतो. २२ मार्च २०१६ ला हा बंधुभाव जगभर पसरला होता. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने, एका नावावरून झालेल्या वादात रागावून, सगळ्यांसाठी मोफत ठेवलेले आपले तुकडे परत काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक अकरा ओळींचा तुकडा होता. मजकुराच्या डाव्या बाजूला हवी तेवढी रिकामी जागा किंवा शून्यं भरून देणं एवढंच त्याचं काम. पण त्याच्यावर दुसरे तुकडे उभे होते, त्यांच्यावर तिसरे, आणि त्या उतरंडीवर हजारो प्रोजेक्ट. ज्यांनी स्वतःच्या कोडला बोटही लावलं नव्हतं त्यांचे बिल्ड धडाधड पडले. एनपीएम या भांडारवाल्यांनी तो तुकडा काही तासांत परत आणून ठेवला आणि नंतर असं परत घेण्याचे नियम आवळले. जेनकिन्समध्ये अशा उसन्या तुकड्यांचे ठसे घेऊन ठेवायची सोय आधीपासून आहे. कुठली फाइल कुठल्या बिल्डमध्ये जन्मली आणि पुढे कुठे कुठे वापरली गेली ते त्यावरून कळतं. ती सोय कोण वापरतं? ज्याचं एकदा बुडालंय तो.

याची उलट बाजूही आहे. कोड तोच, बदल शून्य, दोनदा बांधला, आणि दोन्ही वेळचा माल वेगळा निघाला! कारण बांधताना यंत्र त्यात त्या क्षणाची तारीख-वेळ घुसडून देतं. फाइली कोणत्या क्रमाने उचलल्या तेही दर वेळी वेगळं असू शकतं. डेबियन या मुक्त प्रणालीची मंडळी २०१३ पासून हे काढून टाकण्याच्या मागे लागली आहेत. तोच कोड कुणीही, कुठेही, केव्हाही बांधला तरी शेवटच्या अंकापर्यंत तोच माल निघावा, म्हणजे मधे कुणी काही घुसवलंय का हे पडताळता येईल. आपल्याकडे मुहूर्त पाहिल्याशिवाय घराची चौकटही बसवत नाहीत, आणि इथे शहाणी माणसं बांधकामातला मुहूर्त उकरून काढण्यात वर्षानुवर्षं घालवत आहेत.

अलीकडे यादीत माणसांखेरीजही नावं दिसू लागली आहेत. उसने तुकडे जुने झाले की त्यांची नवी आवृत्ती आपणहून सुचवणारे बॉट आहेत. शिवाय आता कोडच लिहून देणारे सहायक आले. त्यांच्या त्या एका ओळीला नाव ठेवायला जागा नाही. काय बदललं, का बदललं, कुठे परिणाम होईल, कुठे होणार नाही, सगळं मुद्देसूद. 'फिक्स २' वाचून माणूस निदान कुणाला तरी फोन करायचा. या निबंधांचं पहिलं वाक्य वाचून सगळे विश्वासाने मान डोलावतात आणि अप्रूव्ह करतात.

मागच्या महिन्यात बिल्ड पडला आणि यादीत सगळ्यात वर बॉटचं नाव निघालं. बडग्या घेऊन माणूस उभा, आणि ठेवायला टेबल नाही. ज्याने बॉटचा बदल मंजूर केला त्याच्याकडे द्यावा, असं काहींचं मत पडलं. तो म्हणाला, मी फक्त बटण दाबलं. ज्यांनी बॉट आणायची मंजुरी दिली त्यांच्या केबिनमध्ये ठेवावा, असं एक मत हळू आवाजात पडलं आणि तितक्याच हळू मागे घेतलं गेलं. यवतमाळची मुलगी आता बडग्याचं दप्तर सांभाळते. कुणाकडे कधी होता, कुठल्या बिल्डसाठी, खरा निघाला की खोटा, याची तिने वही केली आहे, आणि खोटा निघालेल्यांच्या नावाला ती कंस करते. तिचं म्हणणं, नियम तो नियम. यादीत वर ज्याचं नाव, बडग्या त्याच्याकडे. बॉट चालतो मुंबईच्या सर्व्हरवर, तेव्हा बडग्या कुरिअरने मुंबईला पाठवायचा. तिने रीतसर मेल टाकला. अकाउंट्सकडून दोन दिवसांनी उत्तर आलं की हरकत नाही, फक्त हा खर्च टपालात दाखवायचा की दुरुस्ती-देखभालीत, ते कळवावं, आणि पाकिटात काय आहे त्या रकान्यात नुसतं 'पुठ्ठा' लिहिलं तर चालेल का, तेही.